रात्रीची लाईट आणि खो

खो-खो खेळलेल्या बाईला संसार कळायला सोपा जातो, असं माझं ठाम मत आहे. मी शाळा सुटेपर्यंत खो-खो खेळले. इंदापूरच्या आणि बारामतीच्या मैदानांवर दोन्ही गुडघे फोडून घेतले, त्याचे डाग अजून आहेत. लग्नानंतर धावणं बंद झालं, पण डोकं त्याच खेळात राहिलं. कोण बसलंय, कोण पळतंय, कुणाचं तोंड कुठल्या बाजूला आहे, हे मला घरातसुद्धा आपोआप दिसतं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. मैदानाच्या मधोमध एका ओळीत खेळाडू बसतात, एकीचं तोंड इकडं तर दुसरीचं तिकडं. एकटीच पळणाऱ्यांच्या मागे धावते. ती दमली, किंवा पळणारी पलीकडं निसटली, की ती बसलेलीच्या पाठीवर थाप मारते आणि म्हणते, खो. मग बसलेली उठते आणि थाप मारणारी तिच्या जागी बसते. सगळी गंमत त्या थापेत आहे. थाप पडल्याशिवाय बसलेलीनं उठायचं नाही. ती कितीही चपळ असो, पाय कितीही शिवशिवत असोत, खो मिळाला नाही तर उकिडवं बसून राहायचं आणि सगळा डाव समोरून जाताना बघायचा.

आता नवरा-बायकोच्या खेळाबद्दल. आमच्या कळसमध्ये बायका भांगलायला बसल्या आणि आसपास गडीमाणूस नाही याची खात्री झाली, की हा विषय निघतोच. खुरपं चालू असतं आणि तोंडही. एकजण म्हणाली होती, आमचे मालक आधी वीस षटकांचा सामना खेळायचे, आता पॅड बांधून नुसतेच तंबूत बसतात आणि पाऊस पडायची वाट बघतात. दुसरीच्या घरी कुस्ती होती. दंड थोपटायचे, माती उधळायची, सलामी द्यायची, आणि सलामीतच कुस्ती निकाली. तिसरी बिचारी म्हणाली, आमच्याकडं दोन्ही पोरं मधे झोपतात, खेळाडूंपेक्षा पंचच जास्त. आम्ही इतक्या हसलो की बांधावरची म्हैस उठून उभी राहिली.

माझं म्हणणं असं, की पुरुषांना तो खेळ कबड्डीचा वाटतो. मांडीवर थाप मारायची, दम धरायचा, घुसायचं, हात लावायचा आणि दम सुटायच्या आत आपल्या हद्दीत परत. आमच्या मालकांची पहिली दोन वर्षं कबड्डीतच गेली. मी अजून कूस बदलावी की नको याचा विचार करत असायचे, तोवर चढाई संपून गडी घोरत असायचा. शेवटी मी एकदा स्पष्ट सांगितलं की हा खो-खो आहे. आधी मैदानाला फेरी मारायची, खांबाला वळसा घालायचा, हुलकावणी द्यायची, आणि समोरचीला खो मिळाल्याशिवाय डाव सुरू झाला असं समजायचं नाही. माणूस शिकाऊ निघाला. पुढं पुढं तर वळसे इतके वाढले की मलाच म्हणावं लागायचं, आता पुरे, सूर मारा.

आमचं घर तीन खणांचं. पुढं सोपा, मागं स्वयंपाकघर, बाजूला आतली खोली. आतल्या खोलीत एक पलंग, गव्हाची पोती आणि टीव्ही. दाराला कडी म्हणजे एक वाकलेला खिळा. दिराचं लग्न ठरलं तेव्हा ती खोली आम्ही नव्या जोडप्याला दिली आणि मी, मालक, दोन पोरं असे सासूबाईंजवळ सोप्यात झोपायला आलो. सासूबाईंना आम्ही दोघी सुना आत्या म्हणतो. सासरे जाऊन बरीच वर्षं झालीत, घराचा पंच त्याच. त्यांचा खोकला म्हणजे शिट्टी.

सोप्यात आल्यावर आमचा डाव बंद पडला असं कुणाला वाटेल, पण तसं झालं नाही. आमचं दुसरं मैदान आधीपासूनच रानात होतं, आणि त्याचं कारण लाईट. शेतीच्या मोटारीला लागणारी लाईट आमच्याकडं एक आठवडा दिवसा येते आणि एक आठवडा रात्री. वरच्या रानाला ठिबक केलंय, पण खालच्या उसाला अजून पाटानं पाणी आहे. तिथं कुणीतरी उभं राहून एक सरी भरली की तिचं तोंड बंद करून पुढची उघडावी लागते. याला आमच्याकडं दारं धरणं म्हणतात. रात्रीच्या लाईटीचा आठवडा आला की गावातले सगळे गडी डोक्याला मफलर आणि हातात बॅटरी घेऊन रानात. बायका कुरकुर करतात, मी करत नसे. मी चहाचा थर्मास घेऊन रानात जायची. मोटारीच्या पेटीजवळ एक बाज आहे. सरी भरायला वेळ लागतो, आणि माणूस शिकाऊ होता हे मी वर सांगितलंच आहे. उसाचा पाला मात्र बेकार, हातापाठीला कापतो. एकदा आत्यांनी माझ्या पाठीवरचे ओरखडे बघितले आणि गंभीर तोंडानं हळदीची वाटी पुढं केली. माझा धाकटा मुलगा रात्रीच्या लाईटीचा आहे. गावात असे बरेच आहेत, कुणी तसं म्हणत नाही एवढंच.

दिराचं लग्न वैशाखात झालं. दीर चाकणला कंपनीत कामाला. तिथं तो पाच पोरांबरोबर एका खोलीत कॉट भाड्यानं घेऊन राहतो, त्यामुळं बायकोला बरोबर न्यायची सोय नाही. ती, म्हणजे माझी धाकटी जाऊ, अकलूजकडची, बारावी झालेली, बोलायला कमी आणि कामाला पक्की. लग्नासाठी दिराला रजा मिळाली ती हळद, लग्न, पूजा, देवदर्शन आणि जागरण-गोंधळात संपली. जागरण होईपर्यंत नवरा-नवरीनं जवळ यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. जागरण पहाटेपर्यंत चाललं आणि सकाळी दीर चाकणला गेला. आषाढात धाकटी रीतीप्रमाणे माहेरी होती. गौरी-गणपतीला घरात पाहुणे इतके की आतल्या खोलीत मामांची अख्खी फळी आडवी झालेली. दिवाळसणाला दीर सासुरवाडीला गेला, तर तिथं त्याला मेहुण्यांच्या मधे झोपवलं. एरवी तो एक शनिवार सोडून येत होता. संध्याकाळी यायचा, रविवारी दुपारी चारला हायवेवरून मित्राची गाडी पकडून परत जायचा.

पौषात आत्यांच्या बहिणीनं तोंड उघडलं. त्या भिगवणला राहतात, आम्ही त्यांना मावशी म्हणतो. त्यांच्या सुनेला लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात दिवस गेले होते, आणि हा पराक्रम आपण स्वतः केल्यासारखं त्या सगळ्या पाहुण्यांत सांगत फिरायच्या. त्या आमच्याकडं आल्या, धाकटीला खालीवर बघून घेतलं आणि आत्यांना म्हणाल्या, आठ महिने झाले, अजून काही नाही म्हणजे पोरीत दोष असणार. बारामतीला डॉक्टरकडं दाखवा. तिथं काही निघालं तर माहेरी ठेवा उपचाराला, गुण आला की आणा. हे सगळं सोप्यात, मोठ्यानं. धाकटी स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. तिची भाकरी तव्यावर करपली, तरी तिनं उलटली नाही.

आत्या वाईट बाई नाहीत. पण मावशी बोलल्या की त्यांना घाबरायला होतं, आपलंच घर मागं पडलं असं वाटतं. त्यांनी मला बारामतीची वेळ घ्यायला लावली. मला मावशींचा संताप आला होता. पण डॉक्टरला दाखवण्यात वाईट काय, असंही वाटत होतं. एसटीत आत्या पुढच्या बाकावर बसल्या, आम्ही दोघी मागं. धाकटी खिडकीतून बाहेर बघत होती. लासुर्णे मागं पडल्यावर तिनं मला पहिल्यांदा काहीतरी विचारलं.

"ताई, मला माहेरी सोडलं तर परत आणतील ना?"

मी म्हटलं, असं काही होणार नाही. पण माझ्याच आवाजात जोर नव्हता. आमच्या भावकीतली एक सून अशीच उपचाराला म्हणून गेली होती. तिच्या जागी दुसरी आली तेव्हाच सगळ्यांना कळलं. धाकटीला ती गोष्ट कुणी सांगितली नव्हती, तरी तिला ती माहीत होती. मी तिचा हात धरून ठेवला.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी आत्यांना गोड बोलून बाहेर बसवलं. मग धाकटीला पाळीचं विचारलं, ती सगळी उत्तरं व्यवस्थित आली. मग त्यांनी सरळ विचारलं की नवरा आल्यावर संबंध येतो का. धाकटीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, सांग, इथं लाजायचं नाही. तिनं पदराचं टोक इतकं पिळलं की मला वाटलं फाटतंय.

"ते येतात," ती म्हणाली, "पण दारं धरायला जातात."

मला क्षणभर समजलं नाही. डॉक्टरीणबाईंनी मात्र पेन खाली ठेवलं. त्यांचं माहेर शेतीचं असणार, कारण त्यांनी लगेच विचारलं, रात्रीची लाईट का? धाकटीनं मान हलवली. दर वेळेला? पुन्हा मान हलली. आणि मग माझ्या डोक्यात तो सगळा हिशेब एकदम बसला. लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दीर एक आठवडा सोडून येतो. म्हणजे तो जेव्हा जेव्हा आला तेव्हा रात्रीचीच लाईट होती. दिवसाच्या लाईटीच्या आठवड्यात तो चाकणला आणि रात्रीच्या लाईटीच्या आठवड्यात उसात. तो कधी नाही म्हणाला नाही, कारण शेतात आपला हात लागत नाही याची त्याला लाज वाटायची. रविवारी सकाळी चिखलानं माखून यायचा आणि दुपारपर्यंत मेल्यासारखा झोपायचा. तेव्हा माझी पोरं त्याच खोलीत टीव्ही बघत असायची. पोरीला जागरणाच्या रात्रीपासून नवरा एकटा असा सापडलाच नव्हता. नवी नवरी म्हणून तिला रात्री रानात कुणी पाठवायचं नाही, त्यामुळं माझ्यासारखी थर्मासची वाटही तिला नव्हती.

डॉक्टरीणबाई चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या. मीही हसले. धाकटी आमच्याकडं बघत राहिली आणि मग तीही हसली, पण हसता हसता रडायला लागली. तेव्हा मला कळलं की एवढे महिने ती खरोखर समजत होती की दोष आपल्यातच आहे. नवऱ्याला आपण आवडलो नाही, म्हणून तो रानात जातो, असं तिला वाटत होतं. मला तिची इतकी दया आली की मी तिला तिथंच जवळ घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कसल्याही तपासणीची गरज नाही, बाहेर जाऊन सासूबाईंना सांगा. मी म्हटलं, तुम्हीच सांगा. तर म्हणाल्या, मी औषध देते, निरोप देत नाही.

आत्या बाहेर कडुलिंबाखाली बाकावर बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, तोंडात मिश्री, चेहरा उतरलेला. धाकटी तोंड धुवायला गेली होती. आत्यांना हे कसं सांगायचं? सासूशी अशा गोष्टी बोलायच्या नसतात. पण आत्यांना एक भाषा कळते हे मला माहीत होतं. माझी थोरली मुलगी शाळेकडून खो-खो खेळते आणि आत्या तिच्या प्रत्येक सामन्याला हजर असतात. इंदापूरला एकदा त्यांनी पंचाला असे नियम ऐकवले की त्यांना मैदानाबाहेर बसवावं लागलं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि विचारलं, की एक पोरगी चौकोनात नीट बसलीय, तोंड बरोबर बाजूला आहे, उठायला एका पायावर तयार आहे. पण अख्ख्या डावात तिला कुणी खोच दिला नाही, आणि आपण हरलो. तर दोष कुणाचा?

आत्या लगेच तापल्या. म्हणाल्या, बसलेलीचा कसला दोष, ती काय आपल्या मनानं उठणार हाय का. दोष मागं धावणारीचा, न्हायतर शिकवणाऱ्या मास्तराचा.

"मग हिचापण नाही," मी म्हटलं. "भावजी येतात तेव्हा रात्रीची लाईट असते, आत्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मिश्रीचं बोट तोंडातच राहिलं. समोरच्या रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला, त्याच्या मागं दुसरा गेला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, एकदाबी न्हाय? मी म्हटलं, एकदापण नाही.

"मीच त्याच्या हातात बॅटरी द्यायची की गं," आत्या म्हणाल्या. "दर खेपंला. म्हणायची, दादा आठवडाभर जागलाय, तू जा. पोरगी दारात हुबी असायची आन मी तिच्या डोळ्यादेखत त्याच्या हातात बॅटरी द्यायची."

मला वाटलं, आता मावशींवर घसरतील, लाईटवर घसरतील. पण त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. धाकटी तोंड धुऊन आली. आत्या उठल्या, तिच्या मागं गेल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. स्टँडपर्यंत त्या तशाच तिच्या मागून, पाठीवर हात ठेवून चालत गेल्या. धाकटीला वाटलं आत्यांना चक्कर आलीय, म्हणून ती सावकाश चालत होती.

दुसऱ्या दिवसापासून आत्यांनी मैदान हातात घेतलं. मला ताकीद दिली की गड्यांना यातलं काही सांगायचं नाही, ते लाजतात आणि लाजलेला गडी कामाचा नसतो. पहिल्यांदा टीव्ही आतल्या खोलीतून सोप्यात आला. मालकांनी कारण विचारलं तर आत्या म्हणाल्या, मला पडल्या पडल्या बघायचाय. मग वाकलेला खिळा काढून खरी कडी बसवली. मी सुचवलं की शनिवारी रात्री दिराला घरी ठेवलं की झालं. आत्यांनी माझ्याकडं नवख्या पोरीकडं बघावं तसं बघितलं. म्हणाल्या, रातीचं सगळी सोप्यात, पोरं एकमेकांस्नी धड वळखत न्हाईत, लाजून मरतील. शनवारी नुसतं झोपू दे. सामन्याच्या आदल्या दिवशी खेळाडूला झोप लागती. मैदान रिकामं पाहिजे, रविवारी.

शनिवारी दीर आला, जेवला आणि सवयीनं खुंटीवरची बॅटरी काढायला गेला. आत्यांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि मालकांना दिली. मालक आठवडाभर जागलेले. त्यांनी आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, काहीच न कळून मफलर गुंडाळला आणि गेले. रविवारी सकाळी ते येऊन जरा कुठं आडवे झाले, तर आत्या नवी साडी नेसून तयार. म्हणाल्या, मला भिगवणला मासं खायाचं हाय, सगळ्यांनी चला.

आता आत्यांना मासे आवडतात हे आम्ही कुणीच कधी ऐकलेलं नव्हतं. मालक म्हणाले, अगं आई, मला झोपू दे. आत्या म्हणाल्या, गाडीत झोप. चालवणार कोण, असं त्यांनी विचारलं, तोवर आत्यांनी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. दीर चप्पल घालायला लागला तर आत्या त्याला म्हणाल्या, तू न्हाय, शेरडं हायत घरी, कुणीतरी पाहिजे. मग धाकटीकडं न बघता म्हणाल्या, आन तू ह्याला जेवायला वाढ. धाकटी उंबऱ्यात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मी डोळ्यांनी सांगायचं ते सांगितलं. तिचे कान लाल झाले. गाडी फाट्यावर पोहोचेपर्यंत आत्या आरशातून मागं बघत होत्या.

भिगवणला हायवेच्या कडेच्या खानावळीत आम्ही बसलो. मावशींना आत्यांनीच फोन करून बोलावून घेतलं होतं. चिलापी तळून आली, रस्सा आला, भाकरी आल्या. आत्या एक एक काटा इतक्या सावकाश काढत होत्या की आमची ताटं संपली तरी त्यांचा पहिलाच मासा चालू होता. तो संपल्यावर त्यांनी दुसरं ताट मागवलं. मालकांच्या पापण्या मिटत होत्या. ते म्हणाले, धारांची वेळ होईल, निघूया. आत्या म्हणाल्या, घरी तरणा गडी हाय, तो बघंल. मला ठसका लागला आणि मावशींनी माझ्या पाठीत धपाटे घातले.

मग मावशींनी तो विषय काढलाच. डॉक्टर काय म्हणाले, काय दोष निघाला, माहेरच्यांना कळवलं का. पोरं शेजारी होती, मालक समोर होते, पलीकडच्या टेबलावर ट्रकवाले जेवत होते. माझा घास हातात राहिला. आत्या आता काय म्हणतील याची मला खरंच भीती वाटली, कारण मावशींपुढं त्या आजवर कधी बोललेल्या मी ऐकल्या नव्हत्या. आत्यांनी माशाचा काटा ताटाच्या कडेला नीट ठेवला आणि पदरानं बोटं पुसली.

"पोरीत काय बी दोष न्हाय," त्या म्हणाल्या. "दोष माझा हाय. तिला बसवून ठिवली आन खो दिला न्हाय. पुन्हा तिच्या माहेराचं नाव काढू नगंस."

मावशींना त्यातला खो कळला नाही, पण शेवटचं वाक्य कळलं. त्या रश्शाकडं बघत बसल्या. माझ्या मुलीनं विचारलं, काकी पण खो-खो खेळते का? आत्या म्हणाल्या, आजपासनं. मला त्या क्षणी आत्यांचा इतका अभिमान वाटला की मीच तिसरं ताट मागवलं.

जेवण झाल्यावर मालक गाडीकडं निघाले, तर आत्यांना पक्षी बघायचे होते. उजनीच्या पाण्यावर थंडीत ते लांब पायांचे गुलाबी पक्षी येतात, माणसं पुण्यामुंबईहून बघायला येतात. आत्यांचा सगळा जन्म तिथून तासाभरावर गेला, कधी मान वर करून बघितलं नव्हतं. आता होडीत बसून त्या नावाड्याला म्हणत होत्या, अजून लांब घे, मला त्यांचं डोळं बघायचं हायत. मालक होडीत बसल्या बसल्या झोपले. पोरं खूश होती. ऊन उतरायला लागलं तेव्हा आत्यांनी माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, झालं असंल का गं? मी म्हटलं, आत्या, आपण निघालो तेव्हा डाव सुरू झाला असला तरी एव्हाना दोन सामने झाले असतील. त्या तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांना तसं हसताना मी सासरे गेल्यापासून बघितलं नव्हतं.

गावाच्या वळणावर आल्यावर त्यांनी मालकांना हॉर्न वाजवत चल म्हणून सांगितलं, कुत्री आडवी येतात म्हणे. कुत्रं एकही नव्हतं. मालकांनी घरापर्यंत हॉर्न वाजवला, इतका की शेजारीण बाहेर आली. दीर गोठ्यात धार काढत होता. त्याची चारची गाडी केव्हाच निघून गेली होती, पण तो नुसताच म्हशीशी हसत होता. शर्ट उलटा घातलेला. आत्यांनी बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवून पुढं गेल्या. म्हणाल्या, राहा आज, सकाळच्या एसटीनं जा.

मी स्वयंपाकघरात गेले. धाकटी भाकरी थापत होती, केस नव्यानं बांधलेले. मी दार लोटलं, आत्यांनी ताटावर ताट मागवून कसा वेळ काढला ते सांगितलं आणि विचारलं, काय गं, निकाल काय? तिनं पिठाचा नवा गोळा घेतला. मग म्हणाली, पहिल्यांदा नुसते बोलत बसलो, ताई. त्यांना वाटायचं मीच रागावलीय, म्हणून ते गपचूप रानात जायचे. मला वाटायचं ते रागावलेत. मी म्हटलं, बरं, आणि मग? तिनं भाकरी तव्यावर टाकली, फुगायला लागली तशी हातानंच उलटली.

"मग काय," ती म्हणाली. "तुम्ही लई लवकर आला. आत्यांना अजून एक ताट वाढायचं होतं."

मागून हसण्याचा आवाज आला. आत्या मागच्या दारात उभ्या होत्या. धाकटीनं पदर तोंडावर ओढला तो जेवणं होईपर्यंत खाली घेतला नाही.

जेवणं झाली. आत्यांनी दोन्ही पोरं आपल्या दोन्ही बाजूंना झोपवली आणि टीव्हीचा आवाज मोठा केला. आतल्या खोलीची नवी कडी लागलेली ऐकू आली. मालक भिंतीला टेकून पेंगत होते, लाईट यायची वाट बघत, कारण आजही दारं त्यांनाच धरायची होती. मी अंथरूण घालायला खाली बसले होते. कधीपासून मी रानात गेलेच नव्हते. पोरांच्या शाळा, थोरलीचा सराव, पाहुणे, थर्मास फळीवर धूळ खात पडला होता. हे कुणाच्या लक्षात आलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

आत्या उठल्या, फळीवरचा थर्मास काढला आणि पदरानं पुसून माझ्या शेजारी ठेवला. मग खुंटीवरची बॅटरी आणून माझ्या मांडीवर ठेवली. पोरांकडं बघून म्हणाल्या, ही माझ्याजवळ हायत. मी काही बोलायच्या आत त्या माझ्या मागं गेल्या आणि माझ्या पाठीवर जोरात थाप मारली.

"खो," आत्या म्हणाल्या.

मी उठले.